काच नवी बसली, पण तिच्याखालच्या पत्र्याचं काय?

गाडीची पुढची काच बदलून झाली की आपण काय काय बघतो, काच चांगल्या कंपनीची आहे ना, आरशामागचा कॅमेरा नीट बसवलाय ना, वायपर आवाज करत नाहीत ना, झालं. ज्या पत्र्यावर ती काच चिकटवलीय तो पत्रा मात्र कोणीच बघत नाही, आणि बघणार तरी कसा, काचेच्या कडेची काळी पट्टी आणि वरचं बीडिंग त्याला पूर्ण झाकून टाकतं. गंज नेमका तिथेच धरतो. वर्ष दोन वर्षं काही कळत नाही, मग कधीतरी गाडी धुताना छताच्या पुढच्या कडेला रंगाखाली बारीक बारीक फोड दिसतात आणि तोपर्यंत आत बरंच काही खाऊन झालेलं असतं.

मला जुन्या गाड्यांचा नाद आहे, गॅरेजमध्ये उभं राहून काम बघत बसायला आवडतं, आणि इतकी कामं बघून मी या मताला आलोय की काचेभोवतीचा गंज हा बहुतेक वेळा टाळता येण्यासारखा असतो. फक्त तो टाळायची वेळ फार छोटी असते. जुनी काच निघाली आणि नवी अजून बसायची आहे, तेवढाच वेळ तो पत्रा उघडा असतो, तेवढ्यात जे काय करायचं ते करून घ्यायचं. नंतर मग वरून कितीही सीलंट लावा, कितीही वॅक्स मारा, आत हात पोचत नाही.

आधी काच बसते कशी ते थोडक्यात. जुन्या गाड्यांमध्ये काच जाड रबरात अडकवलेली असायची, आता जवळपास सगळ्या गाड्यांमध्ये ती युरेथेन नावाच्या चिकट्याने थेट बॉडीला चिकटवतात. बॉडीला काचेच्या चारही बाजूंनी आत वळलेली एक अरुंद कड असते, गॅरेजवाले तिला फ्रेम म्हणतात, मीही तेच म्हणतो. ही फ्रेम एकच पत्रा नसते, दोन-तीन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्ड मारलेले, म्हणजे ठिकठिकाणी फक्त ठिपक्यांनी जोडलेले असतात, त्यामुळे त्यांच्यामध्ये बारीक फट राहतेच आणि त्या फटीत पाणी शिरलं तर ते आत ओढलं जातं आणि लवकर वाळत नाही. कारखान्यात या फ्रेमवर गंजरोधक थर चढवलेले असतात, बऱ्याच गाड्यांत झिंकचा मुलामा, मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेने चढवलेला प्रायमर, मग पुढचे रंगाचे थर. ऐकायला भरपूर वाटतं पण हे सगळे मिळून जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. आणि जुनी काच काढायला जे पातं वापरतात ते चिवट युरेथेन कापण्याइतकं धारदार असतं. म्हणजे पातं जरा तिरकं झालं की संपलं, खालचा लोखंडी पत्रा उघडा.

त्यात कोपरे सगळ्यात वाईट. कोपऱ्यात चिकटा जाड असतो, पातं सरळ फिरत नाही, मग माणूस जोर लावतो, हिसका देतो, आणि टोक पत्र्यावर घासून जातं. लांब पात्याचा कटर असो नाहीतर थरथरणाऱ्या पात्याचं मशीन, दोन्हीने ओरखडे पडतात. तारेने काच काढायची पद्धत आहे, त्यात बारीक तार आतून ओढून चिकटा कापत नेतात, त्यात पत्र्याला इजा खूप कमी होते, पण तार ओढणाराही सवयीचा लागतो, नाहीतर ती डॅशबोर्डच्या कडेला नाहीतर काचेच्या बाजूच्या खांबाच्या रंगाला घासते. तुमच्या कारागिराकडे तारेचं किट असेल तर तेच वापरायला सांगा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

मित्राच्या गाडीची काच दुसऱ्यांदा बदलत होते तेव्हा मी शेजारी उभा होतो. पहिली काच त्याने आधी दुसरीकडे कुठेतरी बदलून घेतलेली. काच निघाली, आणि फ्रेमवर उरलेली चिकट्याची पट्टी तासायला सुरुवात केली तर वरच्या डाव्या कोपऱ्यात पातं लावायचीही गरज पडली नाही, नुसत्या बोटांनी धरून ओढली आणि चांगली वीतभर पट्टी सलग निघून हातात आली. उलटी करून बघितलं तर तिच्या पोटाला गाडीचा रंग जसाच्या तसा चिकटलेला, आणि त्या रंगाच्या मागे गंजाचे तपकिरी पापुद्रे. म्हणजे बघा, चिकट्याने रंग सोडलाच नव्हता, त्याची पकड अजून पक्की होती, रंगच पत्र्याला सोडून आला होता. आणि फ्रेमवर गंज झाडून बघितला तर मधोमध एक सरळ रेघ दिसत होती, कडेला समांतर, बोटभर लांब, तिथे गंज सगळ्यात खोल गेलेला आणि तिथून दोन्ही बाजूंना रंगाखाली पसरलेला. ती रेघ पात्याचीच, दुसऱ्या कशाने इतकी सरळ पडत नाही. त्या एका रेघेवर कोणी वेळेवर प्रायमरचा हात फिरवला असता तर एवढं झालंच नसतं.

हे असंच होतं. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज चढतो, समुद्राजवळ राहत असाल किंवा बर्फावर मीठ टाकतात अशा रस्त्यांवर गाडी चालवत असाल तर मिठामुळे आणखी वेगाने. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून तो वरच्या रंगाला उचलतो, रंग उचलला की त्याखाली पाणी आणखी पुढे जातं, तिथे परत गंज, परत रंग उचलतो, असं ते सरकत राहतं. दाताला वरून छान फिलिंग आहे आणि आत कीड चालूच आहे तसा प्रकार.

आणि हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाहीये, म्हणून मी एवढं तळमळून लिहितोय. चिकटवलेली काच ही गाडीच्या ढाच्याचा भाग असते, गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून ती आधार देते, आणि बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुटते तेव्हा ती आधी वर काचेवर आपटून मग माणसाकडे येते. काच गंजलेल्या पत्र्यावर चिकटलेली असेल तर ती पत्र्याला धरून नाहीच, गंजाच्या पापुद्र्याला धरून आहे. मग ऐन धडकेच्या क्षणी तिच्यावर भरवसा काय ठेवायचा? पाणी गळणं, कार्पेट ओलं होणं, आत कुबट वास येणं, डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सपर्यंत पाणी जाऊन इलेक्ट्रिकची कटकट सुरू होणं, हे तर वेगळंच.

तर करायचं काय? काम चालू असताना तिथे हजर राहा, आणि सुरुवातीलाच नीट शब्दात सांगून ठेवा की दादा, जुनी काच काढून फ्रेम साफ केली की नवी लावायच्या आधी मला एकदा बोलवा, मला फ्रेम बघायचीय. बहुतेक जण हो म्हणतात. काही जण म्हणतात साहेब ते सगळं काचेखाली जाणार, कोणाला दिसतंय. त्यांना शांतपणे सांगायचं की म्हणूनच बघायचंय. भांडायची काही गरज नाही, चांगल्या कारागिराला उलट बरं वाटतं की गिऱ्हाईक कामात लक्ष घालतंय, आणि ज्याला हे आवडत नाही त्याच्याकडे काम द्यायचं की नाही ते तिथेच ठरवता येतं.

बघायला गेल्यावर मोबाईलचा टॉर्च लावा आणि अख्खी फ्रेम एकदा सावकाश फिरून बघा, चारही कोपरे जास्त वेळ. चकचकीत चंदेरी रेघ दिसली म्हणजे पत्रा उघडा पडलाय. तपकिरी डाग दिसला म्हणजे जुना गंज आहे. रंगाला फुगवटा असेल तर नखाने दाबून बघा, टुपकन आत गेला तर त्याच्याखालीही गंजच. फोटो काढून ठेवा, पुढे कधी वाद झाला तर उपयोगी पडतात आणि नाही झाला तरी आपल्या गाडीची फ्रेम कशी आहे हे आपल्याला माहीत असलेलं बरं.

आता एक गोष्ट, जी पहिल्यांदा ऐकून सगळ्यांना चुकीचीच वाटते. जुना चिकटा पूर्ण खरवडून पत्रा लख्ख करायचा नसतो. तो धारदार पात्याने तासून १ ते २ मिलिमीटरचा एकसारखा थर फ्रेमवर ठेवायचा असतो, आणि नवा युरेथेन त्या ताज्या कापलेल्या थरावर चढवायचा. जुना चिकटा पत्र्याला घट्ट असेल तर नव्यासाठी त्याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही, शिवाय त्याच्याखालचा कारखान्याचा रंग शाबूत राहतो. कोणी छिन्नी नाहीतर ग्राइंडर घेऊन फ्रेम साफ करायला निघाला तर त्याला थांबवा, तो गंजाची सोय करून ठेवतोय. फक्त जिथे चिकटा आपणहून सुटतोय किंवा त्याच्याखाली गंज आहे तिथे तो काढावाच लागतो. आणि उलट टोकाला, घाईत असलेला माणूस जुना थर नीट तासतच नाही, जाड उंचसखल चिकट्यावर तसाच नवा ओढतो, तेही चूक, काच नीट खाली बसत नाही आणि मध्ये पोकळ्या राहतात.

ओरखडे असतील तर आधी ती जागा साफ आणि पूर्ण कोरडी हवी. मग त्यावर काचकामाचा काळा प्रायमर, जो त्याच चिकट्याच्या कंपनीचा असावा, कारण या गोष्टी एकमेकींसाठी बनवलेल्या असतात, एकाचा प्रायमर आणि दुसऱ्याचा चिकटा अशी सरमिसळ करू नये. प्रायमरची बाटली खळखळ हलवून घ्यावी लागते, आतला रंग तळाशी बसलेला असतो. बाटली उघडल्यावर तो हवेतली ओल धरतो, म्हणून महिनोन्‌महिने उघडी पडलेली, दाट झालेली बाटली नको. चिकट्याच्या नळीवरची तारीखही त्याच वेळी बघून घ्या, मुदत संपलेला युरेथेन नवीन काचेखाली जाता कामा नये. प्रायमर ओरखड्यावर एका दिशेने पातळ लावायचा, आणि मग थांबायचं. किती थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, प्रॉडक्टप्रमाणे काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, थंडी असेल तर जास्त. माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त गडबड इथे होते, लावला आणि लगेच वर चिकटा ओढला. ओला प्रायमर झाकला गेला की आतलं सॉल्व्हंट अडकतं आणि ना धड गंज थांबतो ना धड पकड येते. आणि ताज्या तासलेल्या जुन्या चिकट्यावर प्रायमर लावायचा की नाही हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, बऱ्याच कंपन्या लावू नका म्हणतात, तेव्हा त्यांच्या सूचना वाचून घ्यायच्या, सगळीकडे सरसकट फासायचा नाही.

हा प्रायमर छोट्या ओरखड्यांसाठी आहे हे मात्र लक्षात असू द्या. तळहाताएवढा रंग निघाला असेल किंवा गंज असेल तर त्याच्यावर काळा प्रायमर फिरवून काच बसवणं म्हणजे गंज झाकणं. त्याला रंगकाम लागतं आणि त्यासाठी काच त्या दिवशी बसवायची नाही. ऐकायला नकोसं वाटतं, मला कळतं, गाडी अडकते, कामं खोळंबतात. पण काच बाहेर निघालेलीच आहे, परत ती काढायची वेळ आली तर ते जास्त महाग आणि जास्त त्रासाचं. शिवाय बहुतेक इन्शुरन्समध्ये काच मिळते पण गंजाचं काम मिळत नाही, ते आपल्याच खिशातून जातं.

गंज काढायचा तर कसा, तर पॉलिश पेपरने किंवा तारेच्या चकतीने चमकता पत्रा दिसेपर्यंत, आणि दिसतोय त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढेपर्यंत, कारण रंगाखाली तो पुढे गेलेलाच असतो. पत्रा चमकायला लागल्यावरही काळे बारीक ठिपके राहतात, ते खड्डे असतात आणि त्यात गंज जिवंत असतो, ते सँडब्लास्टिंगने, म्हणजे वाळूचा जोरात मारा करून, किंवा फॉस्फोरिक अॅसिडने साफ करावे लागतात, अॅसिड वापरलं तर नंतर नीट धुऊन वाळवायचं, नाहीतर वरचा प्रायमर पकडत नाही. मग हार्डनर घालून वापरायचा दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, आणि तो पूर्ण कडक होईपर्यंत वाट बघायची, एक रात्र तरी. वरचा गाडीच्या रंगाचा कोट आणि त्यावरचा पारदर्शक क्लिअर कोट हे दोन्ही काच चिकटायच्या पट्ट्यात आणू नयेत, तिथे मास्किंग टेप मारून ठेवावी, कारण चिकट्याला इपॉक्सी भक्कम वाटतं, ताजा रंग तितका नाही. टाचणी रुतेल इतका पत्रा सडलेला असेल तर कापून नवीन तुकडा वेल्ड करण्याला पर्याय नाही, पुट्टी भरून त्याच्यावर काच बसवून देतो म्हणणाऱ्याला हात जोडा आणि निघा. रस्ट कन्व्हर्टर नावाचं जे काळं द्रावण मिळतं ते चेसिसवर, बॉडीखाली वगैरे ठीक आहे, पण ते गंजाच्या वरच्या थरालाच बदलतं, खालचा सुटा गंज सुटाच राहतो, तेव्हा काच ज्याच्यावर धरून राहणार आहे त्या पट्ट्यात ते नको.

सिलिकॉन. यावर वेगळं बोलायलाच हवं. काच गळतेय म्हटलं की कोणीतरी सिलिकॉनची ट्यूब आणतं आणि बीडिंगच्या फटीत भरतं. नेहमीचं सिलिकॉन, ज्याला लावताना आंबट व्हिनेगरसारखा वास येतो, ते वाळताना अॅसेटिक अॅसिड सोडतं, म्हणजे उघड्या पत्र्यावर आपणच अॅसिड लावतो. वर ते पाण्याला बाहेर पडायचा रस्ता बंद करतं, आत शिरलेलं पाणी आतच मुरतं. आणि पुढे कधी नीट काम करायचं म्हटलं तर सिलिकॉनचा अंश फ्रेमवर असा बसतो की त्याच्यावर ना युरेथेन चिकटत ना रंग. गळती असेल तर काच काढून कारण शोधणं हाच उपाय, दुसरा नाही.

बाकी छोट्या छोट्या गोष्टी. बीडिंगची क्लिप तुटली म्हणून कोणी स्क्रू मारायला निघाला तर मारू देऊ नका, फ्रेमला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे गंजाला दार. नवीन क्लिप मिळतात, त्या मागवायच्या. बाजूच्या खांबावरच्या पट्ट्या उचकटताना स्क्रूड्रायव्हरऐवजी प्लॅस्टिकची पट्टी वापरायला सांगा. आणि साफ केलेल्या फ्रेमवर उघडा हात लावायचा नाही, घामात मीठ असतं आणि हाताला तेलकटपणा असतो, चांगला कारागीर तिथे हातमोजे घालूनच काम करतो. ग्राइंडिंग झालं असेल तर लोखंडाचा कीस बॉनेटवर, वायपरखालच्या जाळीत, डॅशबोर्डवर पडलेला असतो, तो झटकून नाही तर व्हॅक्यूमने काढायचा, ओल लागली की त्याचे तपकिरी ठिपके रंगावर उठतात आणि मग लोक म्हणतात गाडीला कुठून कुठून गंज येतोय.

काच बसल्यावर गाडी कधी चालवायची ते चिकट्याच्या कंपनीने दिलेल्या वेळेप्रमाणे, तासाभरापासून बऱ्याच तासांपर्यंत असू शकते, कारण हा चिकटा हवेतल्या ओलीने पक्का होतो, थंड आणि कोरड्या हवेत त्याला वेळ लागतो. पहिला एक दिवस दारं धाडकन लावू नका, एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, नाहीतर आतल्या हवेचा दाब ओल्या चिकट्यावर जातो आणि तिथे बारीक वाट पडते, पाण्याला तेवढी पुरते. जोराच्या प्रेशरने धुणं दोन दिवस तरी नको. त्यानंतर साध्या पाइपने, जोर न लावता, खालच्या कडेपासून सुरू करून हळूहळू वर जात पाणी सोडा, आत एक जण टॉर्च घेऊन बसलेला असू द्या. खालून वर जायचं म्हणजे गळती नेमकी कुठल्या उंचीवर आहे ते कळतं, वरून सोडलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच समजत नाही. हे वॉरंटीच्या काळात करा, वर्षाने नाही.

खरं तर गंज टाळायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे काच न काढणं. दगड लागून छोटा टवका उडाला असेल, ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल, कडेपर्यंत तडा गेला नसेल, तर रेझिन भरून तो दुरुस्त होतो, कारखान्याचं सील आहे तसंच राहतं. टवका उडाल्या उडाल्या त्यावर पारदर्शक टेप लावा, धूळ आणि पाणी आत गेलं की रेझिन नीट भरत नाही, आणि काम लवकर करून घ्या, उन्हाने आणि एसीच्या गार हवेने तो टवका कधी तडा होईल सांगता येत नाही.

आणि वायपरखालची जाळी. पानं, माती, कचरा सगळं तिथे जाऊन बसतं, पाणी जायची भोकं बुजतात आणि काचेची खालची कड दिवसच्या दिवस ओल्या गाळात राहते. गाडी धुताना बॉनेट उघडून तेवढी पानं हाताने काढायची, भोकात पाणी ओतून ते खाली चाकाजवळ पडतंय का बघायचं, नाही पडलं तर प्लॅस्टिकची मऊ नळी घालून मोकळं करायचं. तार घालू नका, आतला रंग खरवडला जातो.